विल्यम राल्स्टन आणि रशियन लोककथांचे इंग्रजी भाषांतर

१८७३ साली लंडनच्या स्मिथ, एल्डर या प्रकाशनसंस्थेने ‘रशियन फोक-टेल्स’ नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात ५१ रशियन लोककथा मूळ रशियनवरून थेट इंग्रजीत आणलेल्या होत्या. त्यांच्या सोबत आणखी कितीतरी कथांचे सारांश होते, इतर देशांतील कथांशी तुलना करणारी चर्चा होती आणि कथा कोणत्या रशियन संग्रहातून घेतली याचे निर्देश होते. भाषांतरकार होते विल्यम राल्स्टन शेडन-राल्स्टन, ब्रिटिश म्युझियमच्या मुद्रित ग्रंथविभागातील एक साहाय्यक. कोंबडीच्या पायांवर उभ्या असलेल्या झोपडीतली बाबा यागा, ज्याचे मरण अंड्यात लपलेले आहे असा कश्चेई, आईने दिलेल्या बाहुलीच्या आधाराने संकटातून तरणारी वासिलीसा ही पात्रे आज इंग्रजी वाचकांच्या चांगल्या ओळखीची आहेत. त्यांना इंग्रजीत आणण्याचे पायाभूत काम ज्याने केले, त्याचे नाव मात्र लोकसाहित्याच्या अभ्यासकांखेरीज क्वचितच कोणाला ठाऊक असते. राल्स्टन यांचे जीवन, त्यांच्या भाषांतराची पद्धत आणि त्या कामाचा पुढचा प्रवास अशा क्रमाने या विषयाची मांडणी येथे केली आहे.

कुटुंब, खटला आणि नोकरी

राल्स्टन यांचा जन्म ४ एप्रिल १८२८ रोजी लंडनमध्ये रीजंट्स पार्कजवळ झाला. वडिलांनी कलकत्त्यात व्यापार करून मोठी संपत्ती मिळवली होती. मुलाचे बालपण ब्रायटनमधील सुखवस्तू घरात गेले. पुढे केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातून १८५० मध्ये त्यांनी बी.ए. पदवी घेतली. तोवर घराची परिस्थिती पालटू लागली होती. स्कॉटलंडमधील एअरशर परगण्यातील वडिलोपार्जित मालमत्तेवर वडिलांनी हक्क सांगितला होता आणि त्यासाठी ते वर्षानुवर्षे न्यायालयात लढत होते. ते कायद्याने औरस वारस ठरतात की नाही, हा वादाचा मुख्य मुद्दा होता. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले. राल्स्टन यांच्या बहिणीने तर पुढे स्वतः न्यायासनासमोर उभे राहून घराण्याची बाजू मांडली. स्त्रियांना वकिली करण्याची मुभा नसलेल्या काळात ही गोष्ट फार गाजली. निकाल मात्र विरुद्ध गेला आणि खटल्यापायी कलकत्त्यात मिळवलेली संपत्ती संपली.

तरुण राल्स्टन यांना पोटासाठी नोकरी धरावी लागली. सप्टेंबर १८५३ मध्ये ते ब्रिटिश म्युझियमच्या मुद्रित ग्रंथविभागात कनिष्ठ साहाय्यक म्हणून रुजू झाले. घराण्याच्या वादापासून वेगळे राहता यावे म्हणून त्यांनी राल्स्टन हे आडनाव जोडून घेतले आणि लेखक म्हणून ते त्याच नावाने ओळखले जाऊ लागले.

त्या काळातील ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय झपाट्याने वाढत होते. अँटोनियो पानिझ्झी यांच्या नेतृत्वाखाली १८५७ मध्ये तेथील प्रसिद्ध गोल वाचनकक्ष उघडला. प्रत्येक युरोपीय भाषेतील ग्रंथांचा तिच्या मायदेशाबाहेरचा सर्वोत्तम संग्रह लंडनमध्ये असावा, असे पानिझ्झी आणि त्यांचे सहकारी टॉमस वॉट्स यांचे ध्येय होते. वॉट्स बहुभाषी होते आणि रशियन पुस्तकांची खरेदी त्यांनी आवर्जून वाढवली. पुस्तके येत होती, पण ती वाचून त्यांची सूची करू शकेल असा माणूस दुर्मीळ होता. सूचीच्या नोंदी तेव्हा हाताने चिठ्ठ्यांवर लिहून मोठ्या खंडांत चिकटवल्या जात. नोंद करणाऱ्याला पुस्तकाची भाषा येणे अनिवार्य होते. ही उणीव ओळखून राल्स्टन रशियन शिकू लागले. इंग्लंडच्या विद्यापीठांत त्या वेळी रशियन भाषेच्या शिक्षणाची धड सोय नव्हती. त्यांनी शब्दकोशाची पानेच्या पाने पाठ केली, असे त्यांच्या चरित्रात नोंदवलेले आहे.

हा निर्णय घेतला गेला तो काळही लक्षात घ्यावा लागतो. क्रिमियाचे युद्ध १८५३ मध्ये सुरू झाले आणि १८५४ मध्ये ब्रिटन त्यात उतरले. १८५६ मध्ये युद्ध संपले तरी रशियाविषयीचा संशय संपला नाही. इंग्रजी वृत्तपत्रांतला रशिया म्हणजे झार, फौजा आणि मध्य आशियातून हिंदुस्थानाकडे सरकणारी सरहद्द. तिथल्या शेतकऱ्यांच्या घरात काय गायले जाते, काय सांगितले जाते, याची दखल घेणारे फार थोडे होते. राल्स्टन यांनी आपल्या लेखनाचा रोख याच घराकडे वळवला.

क्रिलोव, तुर्गेन्येव आणि लोकगीते

त्यांचे पहिले महत्त्वाचे पुस्तक क्रिलोव यांच्या नीतिकथांचे होते. इव्हान क्रिलोव (१७६९–१८४४) यांच्या पद्यकथा रशियात लहानथोरांच्या तोंडी होत्या. राल्स्टन यांनी त्या इंग्रजी गद्यात आणल्या, जोडीला क्रिलोव यांचे चरित्र दिले आणि कोणती कथा कोणत्या घटनेवर बेतलेली आहे याचा खुलासा केला. १८६० च्या दशकाच्या अखेरीस निघालेल्या या पुस्तकाच्या अनेक आवृत्त्या झाल्या. पद्याचे पद्यात रूपांतर करताना अर्थाला मुरड घालावी लागते. ते टाळण्यासाठी गद्य पत्करण्याची त्यांची तयारी होती. मूळ मजकुराशी असलेले हे इमान त्यांच्या पुढच्या कामातही टिकले.

१८६९ मध्ये त्यांनी इव्हान तुर्गेन्येव यांच्या १८५९ सालच्या ‘द्वर्यान्स्कोये ग्नेझ्दो’ या कादंबरीचे भाषांतर ‘लिझा’ या नावाने केले. त्यातून दोघांची मैत्री झाली. १८७० च्या उन्हाळ्यात राल्स्टन रशियात गेले तेव्हा ते तुर्गेन्येव यांच्या स्पास्कोये येथील गावी राहिले. शेतकऱ्यांची घरे, त्यांची गाणी आणि नाच त्यांनी तेथे जवळून पाहिले. ग्रंथालयात बसून वाचलेल्या लोकजीवनाला या प्रवासाने प्रत्यक्षाची जोड मिळाली. १८७९ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाने तुर्गेन्येव यांना सन्मान्य पदवी दिली, त्यामागे राल्स्टन यांचे प्रयत्न होते. त्याच वर्षी ‘नाइन्टीन्थ सेंचुरी’ या मासिकात त्यांनी टॉलस्टॉय यांच्या कादंबऱ्यांवर लेख लिहिला. टॉलस्टॉय यांचा इंग्रजी वाचकांना सविस्तर परिचय करून देणाऱ्या अगदी आरंभीच्या लेखांत त्याची गणना होते.

‘द साँग्ज ऑफ द रशियन पीपल’ हा त्यांचा मोठा ग्रंथ १८७२ मध्ये आला. ऋतूंच्या सणांची गाणी, लग्नातील गाणी, मृतासाठी करायचे विलाप, मंत्रतंत्र आणि चेटूक यांविषयीचे समज अशा क्रमाने त्यात रशियन लोकगीते आणि त्यांभोवतीचे विधी मांडले आहेत. गाणे कोणत्या प्रसंगी, कोणत्या विधीबरोबर म्हटले जाते हे सांगितल्याशिवाय राल्स्टन ते वाचकांपुढे ठेवत नाहीत. पुढे जेम्स फ्रेझर यांनी ‘द गोल्डन बाऊ’ या ग्रंथात रशियन सणांचे दाखले देताना या पुस्तकाचा वारंवार आधार घेतला. मानववंशशास्त्रातील एका बहुचर्चित ग्रंथामागे असे हे काम उभे आहे.

अफानास्येव यांचा संग्रह

राल्स्टन यांच्या लोककथांचा मुख्य स्रोत अलेक्सांद्र अफानास्येव (१८२६–१८७१) हे होते. जर्मनीत ग्रिम बंधूंनी जे केले, त्याच तोडीचे काम रशियात त्यांनी केले. १८५५ ते १८६३ या काळात ‘नारोद्निये रूस्किये स्काझ्की’ हा त्यांचा संग्रह आठ भागांत निघाला. पाठभेद धरून त्यात सुमारे सहाशे कथा आहेत. स्वतः गावोगाव हिंडून त्यांनी जमवलेल्या कथा मोजक्याच आहेत. बहुतेक सामग्री रशियन भौगोलिक संस्थेच्या दप्तरातून आणि कोशकार व्लादीमिर दाल यांच्या संग्रहातून आली. एका कथेचे दोन, तीन, कधी पाचपर्यंत पाठ शेजारी शेजारी छापणे हे या संग्रहाचे वैशिष्ट्य होते. एक पाठ शुद्ध आणि बाकीचे भ्रष्ट, असे न मानता प्रत्येक सांगणाऱ्याची कथा जपण्याची ही रीत होती.

या कामाची किंमत त्यांना मोजावी लागली. साधुसंतांविषयीच्या लोककथांचा त्यांचा १८५९ सालचा संग्रह धर्मसत्तेच्या रोषामुळे बंदीत सापडला. मॉस्कोतील परराष्ट्र खात्याच्या दप्तरखान्यातली नोकरी राजकीय संशयावरून १८६२ मध्ये गेली. जमवलेली पुस्तके विकावी लागली. १८७१ मध्ये क्षयाने त्यांचा मृत्यू झाला तेव्हा ते पंचेचाळीस वर्षांचे होते. दोन वर्षांनी प्रसिद्ध झालेले ‘रशियन फोक-टेल्स’ राल्स्टन यांनी अफानास्येव यांच्या स्मृतीस अर्पण केले.

राल्स्टन यांनी इतर संग्रहही वापरले. प्रस्तावनेत त्यांनी हिशेब दिला आहे: अफानास्येव यांच्या ३३२ स्वतंत्र कथा, खुद्याकोव यांच्या १२२, एर्लेनवाइन यांच्या ४१ आणि चुदिन्स्की यांच्या ३१. शिवाय अफानास्येव यांच्या धार्मिक दंतकथांचा ३३ कथांचा खंड त्यांच्यासमोर होता. इव्हान खुद्याकोव क्रांतिकारक चळवळीत ओढले गेले आणि झारवरील १८६६ च्या हल्ल्याच्या प्रकरणात त्यांना सायबेरियात पाठवण्यात आले. एर्लेनवाइन यांचा संग्रह खेड्यांतील शाळामास्तरांनी जमवलेल्या कथांचा होता. रशियन लोककथा गोळा करणारी ही पिढी कोणत्या हालांतून गेली, ते या नावांवरून ध्यानात येते. युक्रेनी कथांचे कुलिश आणि रुद्चेन्को यांचे संग्रह राल्स्टन यांना फारसे वापरता आले नाहीत, कारण त्या भाषेचा पुरेसा शब्दकोश उपलब्ध नव्हता. ही मर्यादा त्यांनी प्रस्तावनेत स्वतःच नमूद केली आहे.

पुस्तकाची रचना

रशियन कथा इंग्रजीत यापूर्वी अजिबात आल्या नव्हत्या, असे नाही. आंटोन डीट्रिख यांच्या १८३१ सालच्या जर्मन संग्रहाचे इंग्रजी रूपांतर १८५७ मध्ये लंडनमध्ये निघाले होते. पण ते भाषांतराचे भाषांतर होते आणि त्यातील कथा मुख्यतः बाजारात विकल्या जाणाऱ्या स्वस्त चित्रपुस्तिकांतून घेतलेल्या होत्या. शास्त्रशुद्ध रशियन संग्रहांवरून, थेट रशियनमधून आणि मूळ कथेचा क्रमांक देऊन केलेले भरीव इंग्रजी पुस्तक प्रथम राल्स्टन यांचे.

पुस्तकाची सहा प्रकरणे आहेत. पहिल्या प्रकरणात रशियन कथाकथनाची ओळख आणि खेड्यातील जीवनाचे दर्शन घडवणाऱ्या कथा आहेत. दुसऱ्यात दुष्ट शक्तींची रूपे येतात: नाग, कश्चेई, जलराज, बाबा यागा, चेटकीण. तिसऱ्यात एकाक्ष लिखो, दुर्दैव, शुक्रवार आणि बुधवार या वारांच्या देवता, वनात राहणारा लेशी, आपसांत पैज लावणाऱ्या नद्या आणि गारठा म्हणजे मरोज यांच्या कथा आहेत. चौथे प्रकरण जादू आणि चेटकाचे, पाचवे भुताखेतांचे, सहावे संतांच्या दंतकथांचे. या क्रमामुळे वाचकाला रशियन शेतकऱ्याच्या श्रद्धाविश्वाचा एक नकाशाच मिळतो.

दोन कथांवरून या विश्वाची कल्पना येईल. ‘वासिलीसा द फेअर’ या कथेत मरणापूर्वी आई मुलीला एक बाहुली देते आणि तिला खाऊ घालून सल्ला विचारायला सांगते. सावत्र आईच्या घरातला दिवा विझतो आणि विस्तव आणायला मुलीला बाबा यागाकडे पाठवतात. वाटेत तिला पांढरा, तांबडा आणि काळा असे तीन स्वार भेटतात. ते म्हणजे दिवस, सूर्य आणि रात्र. बाहुलीच्या मदतीने ती बाबा यागाची सगळी कामे पार पाडते आणि पेटत्या डोळ्यांची कवटी घेऊन घरी परतते. त्या डोळ्यांच्या जाळाने सावत्र आई आणि तिच्या मुली भस्म होतात. ‘फ्रॉस्ट’ या कथेत सावत्र आईच्या हट्टामुळे कडाक्याच्या थंडीत रानात सोडलेली मुलगी मरोजशी नम्रपणे बोलते आणि धन घेऊन परतते. त्याच जागी बसवलेल्या सावत्र आईच्या लाडक्या मुली उर्मटपणे उत्तर देतात आणि गोठून मरतात. राल्स्टन असे शेवट सौम्य करत नाहीत. मृत्यू, क्रौर्य, दारू, प्रेते हे सगळे ते मुळात असेल तसे ठेवतात.

भाषांतराची भूमिका

राल्स्टन यांची भूमिका प्रस्तावनेत स्पष्ट आहे. सलग दिलेल्या ५१ कथा शक्य तितक्या शब्दशः भाषांतरित केल्या आहेत. खुलाशासाठी आपल्या पदरचे शब्द घालण्याची वेळ क्वचितच आली आणि तेथे ते शब्द कंसात टाकले आहेत. सारांश देतानाही मूळ मजकुराला धरून राहिल्याचे ते सांगतात. परिपूर्ण कलाकृतीच्या अनुकरणात सफाई शोभते, पण जिवंत वस्तूची नोंद घेताना इमानदारी महत्त्वाची, असे त्यांचे म्हणणे आहे. हाताने रंगकाम न केलेल्या छायाचित्राची उपमा ते आपल्या कामाला देतात. रशियन कथेकऱ्याचे आदर्श चित्र काढायचे नाही, तो आहे तसा दाखवायचा, हे त्यांचे उद्दिष्ट.

या भूमिकेचे वेगळेपण तत्कालीन प्रथेशी ताडून पाहिले म्हणजे कळते. ग्रिम बंधूंच्या कथा एडगर टेलर यांनी १८२३ मध्ये इंग्रजीत आणल्या तेव्हा मुलांसाठी म्हणून त्यांत मनमोकळे फेरफार केले. क्रूर प्रसंग गाळले, काही कथा एकमेकींत मिसळल्या. जॉर्ज डेसेंट यांचे १८५९ सालचे नॉर्वेजियन कथांचे भाषांतर अधिक इमानी होते आणि जॉन फ्रान्सिस कॅम्बेल यांनी १८६० नंतर स्कॉटिश गेलिक कथा सांगणाऱ्यांच्या नावांसह छापल्या होत्या. राल्स्टन या दुसऱ्या परंपरेतले आहेत. त्यांनी रशियन भाषेसाठी तीच शिस्त स्वीकारली. मूळ संग्रहाचा खंड आणि कथेचा क्रमांक तळटिपेत दिल्यामुळे रशियन जाणणारा कोणीही त्यांचे भाषांतर मुळाशी ताडून पाहू शकतो. भाषांतरकाराने स्वतःला असे तपासणीसाठी खुले ठेवणे त्या काळात सर्रास होत नव्हते.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. शब्दशः भाषांतरामुळे त्यांचे इंग्रजी काही ठिकाणी ताठर वाटते. प्राण्यांच्या कथा पुस्तकात अगदी थोड्या आहेत. कथा विवेचनात गुंफलेल्या असल्याने केवळ गोष्टी वाचू पाहणाऱ्याला वाट काढावी लागते. शिवाय अफानास्येव यांच्या संग्रहात कथा कोणत्या प्रांतातली हे कधीकधी कळते, पण ती कोणी सांगितली हे बहुधा कळत नाही. त्यामुळे राल्स्टन यांना ज्या रशियन कथेकऱ्याचे दर्शन घडवायचे होते, तो त्यांच्या पुस्तकात निनावीच राहिला.

तुलना आणि हिंदुस्थानचा धागा

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लोककथांच्या उगमाविषयी दोन मते प्रबळ होती. एक मत मॅक्स म्युलर यांचे. कथांमधील राजपुत्र, नाग आणि बंदिवान राजकन्या म्हणजे सूर्य, ढग आणि पहाट यांची विसरलेली रूपे, असे ते मत होते. अफानास्येव यांनीही आपल्या निसर्गपुराणावरील तीन खंडांच्या ग्रंथात याच दिशेने विवेचन केले. दुसरे मत थिओडोर बेन्फाय यांचे. पंचतंत्राचा अभ्यास करून त्यांनी १८५९ मध्ये असे मांडले की युरोपातील बऱ्याच कथा हिंदुस्थानातून प्रवास करत तिकडे गेल्या. राल्स्टन यांनी पहिल्या मताची माहिती वाचकाला दिली, पण प्रत्येक कथेवर सूर्य आणि वादळ लादले नाही. त्यांचा कल पौर्वात्य कथांशी तुलना करण्याकडे अधिक होता.

येथे महाराष्ट्र आणि गोव्याशी त्यांच्या पुस्तकाचे खरे नाते जुळते. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांची कन्या मेरी फ्रिअर यांचा ‘ओल्ड डेक्कन डेज’ हा संग्रह १८६८ मध्ये लंडनमध्ये निघाला होता. त्यातील कथा त्यांच्या घरातील आया अॅना लिबराटा डिसूझा यांनी सांगितलेल्या होत्या. अॅना यांचे आजोबांचे घराणे मूळचे लिंगायत. ते कालिकतहून गोव्याच्या परिसरात येऊन स्थायिक झाले आणि तेथे आजोबा ख्रिस्ती झाले. या संग्रहातील ‘पंचकिन’ या कथेत जादूगाराचा प्राण दूरच्या रानात, पाण्याच्या घागरींच्या उतरंडीखाली ठेवलेल्या पिंजऱ्यातल्या हिरव्या पोपटात असतो. कश्चेईचे मरण ओकच्या झाडाखाली, पेटीत, पेटीतल्या सशात, सशातल्या बदकात, बदकातल्या अंड्यात असते. कश्चेईच्या कथेची चर्चा करताना राल्स्टन यांनी ही दख्खनची कथा तुलनेसाठी घेतली आणि नॉर्वेमधील, शरीरात काळीज नसलेल्या राक्षसाची कथाही शेजारी ठेवली. राक्षसाचा प्राण पोपटात ही मराठी घरांतील ओळखीची कल्पना अशा रीतीने रशियन कथेच्या अभ्यासात दाखला म्हणून आली. शरीराबाहेर ठेवलेल्या प्राणाची ही कल्पना फ्रेझर यांनी पुढे ‘द गोल्डन बाऊ’ मध्ये विस्ताराने हाताळली.

‘ओल्ड डेक्कन डेज’ मध्ये अॅना डिसूझा यांची आत्मकथाही छापलेली आहे. अफानास्येव यांच्या संग्रहातील कथेकऱ्यांना हा मान मिळाला नाही. लोककथेच्या पुस्तकात सांगणाऱ्याची नोंद असणे किती मोलाचे असते, ते ही दोन पुस्तके शेजारी ठेवल्यावर स्पष्ट होते.

हिंदुस्थानी कथांकडे राल्स्टन पुढेही वळत राहिले. कलकत्ता आणि सिमला येथे आयांकडून व नोकरांकडून ऐकलेल्या कथांचा मेव्ह स्टोक्स यांचा ‘इंडियन फेअरी टेल्स’ हा संग्रह १८८० मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला, त्याला राल्स्टन यांनी प्रस्तावना लिहिली. १८८२ मध्ये त्यांचे ‘तिबेटन टेल्स’ आले. तिबेटी ‘कंजूर’ या बौद्ध ग्रंथसंग्रहातील, मूळच्या हिंदुस्थानी कथा अँटोन शिफ्नर यांनी जर्मनमध्ये आणल्या होत्या. राल्स्टन यांनी त्या जर्मनवरून इंग्रजीत नेल्या.

व्यासपीठावरील कथाकथन आणि अखेरची वर्षे

राल्स्टन उंच, लांब दाढीचे गृहस्थ होते आणि त्यांच्याकडे गोष्ट सांगण्याची हातोटी होती. लंडनमधील सेंट जॉर्जेस हॉल, सेंट जेम्सेस हॉल यांसारख्या सभागृहांत मोठ्या श्रोतृवृंदासमोर त्यांनी लोककथा सांगितल्या. सभागृहातील व्याख्यानाला कथाकथनाचे रूप देणे ही तेव्हा नवी गोष्ट होती. मार्लबरो हाउसमध्ये राजघराण्यातील मुलांसाठीही त्यांनी गोष्टी सांगितल्या. छापील पुस्तकात सफाई नाकारणारा हा अभ्यासक व्यासपीठावर मात्र कथेला तिचा आवाज परत देत होता.

१८७४ मध्ये ऑक्सफर्डच्या टेलर संस्थेत त्यांनी रशियाच्या प्रारंभिक इतिहासावर चार व्याख्याने दिली आणि ती त्याच वर्षी पुस्तकरूपाने निघाली. बावीस वर्षांच्या नोकरीनंतर १८७५ मध्ये त्यांनी ब्रिटिश म्युझियम सोडले. १८७८ मध्ये लंडनमध्ये फोकलोअर सोसायटी स्थापन झाली. राल्स्टन तिच्या आरंभीच्या सभासदांत होते आणि संस्थेच्या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात त्यांचा लोककथांवरील लेख आहे. ‘नाइन्टीन्थ सेंचुरी’ मासिकात त्यांनी ‘ब्यूटी अँड द बीस्ट’, ‘सिंड्रेला’ आणि ‘पुस इन बूट्स’ या कथांचा देशोदेशींच्या पाठांतून मागोवा घेतला. सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीने त्यांना पत्रव्यवहारी सदस्य करून घेतले. अखेरची वर्षे आजारपणात आणि खिन्नतेत गेली. रशियाविषयी मोठा सर्वसमावेशक ग्रंथ लिहिण्याची त्यांची योजना तडीस गेली नाही. ६ ऑगस्ट १८८९ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. ब्रॉम्प्टन दफनभूमीत त्यांचे दफन झाले. त्याच वर्षी ऑक्सफर्डमध्ये विल्यम मॉर्फिल यांची रशियन आणि इतर स्लाव भाषांचे अध्यापक म्हणून नेमणूक झाली. जो विषय राल्स्टन यांनी नोकरी सांभाळून एकट्याने शिकला, त्याला विद्यापीठात जागा मिळाली.

नंतरचे भाषांतरकार

राल्स्टन यांच्यानंतर रशियन कथांची इंग्रजी पुस्तके नियमितपणे येऊ लागली. अमेरिकेत जेरेमाया कर्टिन यांचा संग्रह १८९० मध्ये निघाला. ब्रिटिश म्युझियममध्येच काम करणारे रॉबर्ट निस्बेट बेन यांनी १८९२ मध्ये ‘रशियन फेअरी टेल्स’ प्रसिद्ध केले. त्यांनी पलिवोई यांनी मुलांसाठी सिद्ध केलेल्या कथा निवडल्या. लेनर्ड मॅग्नस यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात अफानास्येव यांच्या आणखी कथा आणल्या.

सर्वाधिक लोकप्रियता लाभली ती आर्थर रॅन्सम यांच्या १९१६ सालच्या ‘ओल्ड पीटर्स रशियन टेल्स’ या पुस्तकाला. रॅन्सम यांना रशियन कथांची गोडी लागली ती लंडन लायब्ररीत राल्स्टन यांचे पुस्तक हाती आल्यामुळे. ते पुस्तक मुलांना वाचता येण्याजोगे नाही असे त्यांना वाटले आणि १९१३ मध्ये ते रशियन शिकण्यासाठी रशियात गेले. रानातील झोपडीत आजोबा नातवंडांना गोष्टी सांगतात अशी चौकट त्यांनी घेतली आणि कथा आपल्या शब्दांत नव्याने सांगितल्या. पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले. राल्स्टन यांचे नाव मागे पडण्याचे एक कारण येथे सापडते. मुलांना रॅन्सम अधिक रुचले, अभ्यासकांनी राल्स्टन यांच्याकडून दाखले घेतले आणि सामान्य वाचकापर्यंत ते नाव पोचले नाही. त्यांनी अवलंबलेली ‘अफानासिएफ’ यांसारखी नावे लिहिण्याची पद्धतही काळाबरोबर जुनी झाली.

१९४५ मध्ये नॉर्बर्ट गुटरमन यांचे मोठे भाषांतर रोमान याकबसन यांच्या विवेचनासह न्यूयॉर्कमध्ये निघाले. व्लादीमिर प्रॉप यांनी अफानास्येव यांच्या शंभर कथांवर उभारलेला १९२८ चा ग्रंथ १९५८ मध्ये इंग्रजीत आला आणि कथांच्या रचनेचा अभ्यास जगभर बदलला. अफानास्येव यांचा संपूर्ण संग्रह इंग्रजीत आणण्याचे काम जॅक हेनी यांनी हाती घेतले. त्याचा पहिला खंड २०१४ मध्ये, म्हणजे राल्स्टन यांच्या पुस्तकानंतर १४१ वर्षांनी प्रसिद्ध झाला.

मूल्यमापन

राल्स्टन यांचे काम तीन बाबतींत टिकाऊ ठरते. पहिली, त्यांनी रशियन लोककथा मूळ भाषेतून, विश्वसनीय संग्रहांवरून आणि तपासता येतील अशा निर्देशांसह इंग्रजीत आणल्या. दुसरी, त्यांनी त्या कथा रशियन शेतकऱ्याच्या जगण्याशी आणि श्रद्धांशी जोडून दाखवल्या. तिसरी, त्यांनी त्या नॉर्वेपासून दख्खनपर्यंतच्या कथांशेजारी ठेवून तुलनात्मक अभ्यासाची वाट सोपी केली. त्यांचे भाषांतर वाचनीयतेत नंतरच्या काहींपेक्षा उणे आहे, पण विश्वासार्हतेत नाही. लोककथा दुसऱ्या भाषेत नेणाऱ्याने मूळ सांगणाऱ्याच्या शब्दाला हात लावू नये, जेथे लावावा लागेल तेथे तसे नोंदवावे आणि कथा कोठून आली ते सांगावे, हे दंडक त्यांनी आपल्या पुस्तकात पाळले. रशियन लोककथांच्या इंग्रजी भाषांतराचा इतिहास सांगताना आरंभी १८७३ सालच्या या पुस्तकाचे आणि विल्यम राल्स्टन यांचे नाव घेतले गेलेच पाहिजे.